रिकाम्या जागा भरून झाल्या, आता वाक्य कधी लिहायचं?

मागच्या बकरी ईदला गावी गेलो होतो. आपाच्या घरी पोहोचलो तेव्हा भाचा दप्तर उघडून बसलाच होता. तो चौथीत आहे, तालुक्याच्या एका इंग्लिश मीडियम शाळेत. मामू पुण्यात कंप्युटरवर काम करतो, म्हणजे त्याला इंग्रजी येणारच, अशी घरातली समजूत आहे. त्यामुळे चहाच्या आधी ग्रामरचा पेपर माझ्या हातात आला. 20 पैकी 19 मार्क. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ जागच्या जागी. ‘इज’, ‘ॲम’, ‘आर’ जागच्या जागी. नामाखाली एक रेघ, क्रियापदाखाली दोन. जो एक मार्क गेला तो ‘अम्ब्रेला’च्या स्पेलिंगमध्ये.

मी त्याची पाठ थोपटली. अंगणात बकरा बांधलेला होता. आदल्या रात्री त्याने दोर तोडला होता आणि जिना चढून तो थेट शेजारच्या काकांच्या गच्चीवर जाऊन उभा राहिला होता. मी आल्यापासून भाचा हीच गोष्ट सांगत होता, हातवारे करून, बकऱ्याचा आवाज काढून. मी म्हटलं, हीच गोष्ट इंग्रजीत लिही, चार ओळी पुरे. त्याला एक कोरा कागद दिला. त्याने कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला आणि विचारलं, ‘मामू, इसमें भरने की जगा कां है?’

सगळे हसले. मीही हसलो. पण रात्री झोप येईना. पोरगा विनोद करत नव्हता. चार-पाच वर्षांत त्याने पाहिलेल्या इंग्रजीत वाक्य नेहमी दुसऱ्याच कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं. मध्ये एक रिकामी जागा असते, शेजारी दोन-तीन शब्द दिलेले असतात आणि त्यातला एक उचलून ठेवायचा असतो. स्वतःचं वाक्य लिहायला त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

आपा शिवणकाम करते. फी, बस, दरवर्षी नवा गणवेश, शाळेतूनच घ्यावी लागणारी पुस्तकं हे सगळं त्या मशीनवर निघतं. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, ‘इसकू ग्रामर की ट्यूशन लगाऊं क्या?’ म्हणजे अजून रिकाम्या जागा, त्यासुद्धा वेगळे पैसे देऊन. तिला काय सांगावं याचा विचार करता करता हा लेख झाला.

माझं इंग्रजी कुठे अडलं

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी 2000 साली सुरू झालं. मी त्याच्या जरा आधीचा. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत माझं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. दहावीपर्यंत मी व्याकरणात पक्का झालो होतो. ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करा, डायरेक्टचं इनडायरेक्ट करा, अधोरेखित शब्दाची जात ओळखा. हे मार्कांचे प्रश्न होते आणि मला ते आवडायचे, कारण गणितासारखे होते. एकच उत्तर बरोबर.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी कॉलेजात एक कंपनी भरतीला आली. लेखी परीक्षेत शेवटचा प्रश्न होता: ऑफिसच्या बसला रोज उशीर होतो, संबंधित अधिकाऱ्याला ईमेल लिहा, वेळ 10 मिनिटं. मला तो ईमेल मराठीत लिहिता आला असता. दख्खनीत तर मी त्या अधिकाऱ्याला रडवलं असतं. इंग्रजीत मी दोन ओळी लिहिल्या, तिसरी खोडली आणि घड्याळाकडे बघत बसलो. मी बाद झालो. त्याच कागदावर पॅसिव्ह व्हॉइसचा प्रश्न असता तर पूर्ण मार्क मिळाले असते.

पुढे नोकरी मिळाली. सॉफ्टवेअरच्या कामात कोडइतकंच लिहिणं असतं, हे तिथे गेल्यावर कळलं. प्रोग्रॅममध्ये बिघाड सापडला की त्याची नोंद लिहावी लागते. त्या नोंदीत तीनच गोष्टी हव्या असतात: मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं. साधी वाक्यं, क्रमाने. कुणी ‘अ’च्या जागी ‘द’ लिहिलं म्हणून काम अडत नाही. पण काय घडलं हेच कळलं नाही, तर समोरचा माणूस अर्धा दिवस वाया घालवतो. माझ्या बरोबरीची कितीतरी हुशार मुलं अशा नोंदींपाशी अडताना मी पाहिली आहेत. कोड उत्तम, पण मीटिंगमध्ये गप्प आणि ईमेल दुसऱ्याकडून तपासून घेतलेला. त्यांतली बरीचशी आपल्यासारख्याच घरांतली होती, मुस्लिम असोत की दलित की शेतकरी कुटुंबातली. ही गप्प राहण्याची सवय कॉलेजात लागत नाही. ती तिसरी-चौथीत लागते, कोऱ्या कागदासमोर.

व्याकरण हवंच, पण कशाचं?

व्याकरण शिकवू नका, असं मी म्हणत नाही. नियम नसतील तर प्रोग्रॅम चालत नाही आणि वाक्यही चालत नाही. माझा प्रश्न क्रमाचा आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘कॉमन नाउन’ आणि ‘प्रॉपर नाउन’ची व्याख्या पाठ करायला लावतात तेव्हा त्याच्याकडे इंग्रजीची पन्नास वाक्यंसुद्धा नसतात. ज्या वाक्यांचे नियम तो शिकतो आहे, ती वाक्यंच त्याने अजून बोललेली नाहीत.

आपल्या मातृभाषेत काय झालं ते आठवा. तुमची छोटी बहीण ‘मी जेवलो’ म्हणायची, मग ऐकून ऐकून ‘मी जेवले’ म्हणायला लागली. कर्ता, कर्म, क्रियापद हे शब्द त्यानंतर कितीतरी वर्षांनी शाळेत भेटले. आधी बोलणं आलं, मग चूक, मग दुरुस्ती, शेवटी नियमाचं नाव. इंग्रजीत आपण ही रांग उलटी लावली आहे. नियमाचं नाव पहिलं, आणि बोलणं आलं तर आलं.

असं का होतं तेही उघड आहे. रिकामी जागा तपासायला सोपी असते. एका वर्गात पन्नास मुलं असतील तर बाई पन्नास निबंध तपासणार की पन्नास वेळा टिकमार्क करणार? शिवाय अनेक लहान शाळांमधले शिक्षक आपल्यासारखेच असतात. त्यांनाही इंग्रजी रिकाम्या जागांमधूनच मिळालेलं असतं. त्यांना दोष देऊन मोकळं होता येणार नाही. पण मुलाला इंग्रजी येतं की नाही, हे त्या 19 मार्कांवरून आपण ठरवतो, ती चूक आपली आहे.

अर्थ न कळता म्हणण्याची आपल्या मुलांना लहानपणापासून सवय असते. मदरशात आपण नाज़िरा शिकतो, शब्द न् शब्द अचूक उच्चारतो, अर्थ पुढे कधीतरी. तिथे त्याला इबादतीचं कारण आहे. इंग्रजीला तसं काहीच कारण नाही. मराठवाड्यातल्या ज्या शाळांच्या मैदानात जूनमध्ये धूळ उडत असते, तिथे बालवाडीची मुलं पावसाला ‘परत जा’ सांगणारं इंग्रजी गाणं तालासुरात म्हणतात. घरी मोठी माणसं त्याच पावसासाठी दुआ मागत असतात. अर्थ कळला असता तर एखाद्या पोराने नक्की विचारलं असतं, ‘बाई, याला जा कशाला म्हणायचं?’ तो प्रश्न विचारला जात नाही, यातच सगळं आलं.

घरची भाषा अडचण नाही

आपल्या घरांची एक खासियत आहे, आणि ती आपण कमीपणाची मानून बसलो आहोत. घरात दख्खनी, गल्लीत मराठी, शाळेत इंग्रजी, टीव्हीवर हिंदी, कुणाकडे वाचायला उर्दू, मदरशात अरबी. कोकणात घरची बोली अजून वेगळी. दहा वर्षांचं आपलं पोर चार-पाच भाषांमधून रोज ये-जा करतं. शाळेत मात्र त्याला सांगतात, इथे फक्त इंग्लिश. मग त्याच्याजवळची सगळी पुंजी गेटबाहेर राहते.

ही पुंजी वापरली तर इंग्रजीचं व्याकरण खूप सोपं होतं. काही जागा पाहा.

शब्दांचा क्रम: मराठीत ‘मी आंबा खातो’, दख्खनीत ‘मैं आम खातूं’. दोन्हीकडे क्रियापद शेवटी. इंग्रजीत ते मध्ये येतं, ‘आय ईट अ मँगो’. हा एक फरक मुलाला तीन चिठ्ठ्यांवर तीन शब्द लिहून, त्या पुढे-मागे सरकवून दाखवला तर पाच मिनिटांत कळतो.

‘जवळ असणं’: मराठीत ‘माझ्याकडे सायकल आहे’. आपल्याकडे सायकल ‘असते’, इंग्रजीत ती आपण ‘हॅव’ करतो. हे कुणी सांगितलंच नाही तर मूल ‘माझ्याकडे’साठी शब्द शोधत बसतं.

‘वर’, ‘खाली’, ‘मध्ये’: आपण ‘टेबलावर’ म्हणतो, शेपूट मागे. इंग्रजीत तेच शेपूट पुढे येतं, ‘ऑन द टेबल’.

‘अ’ आणि ‘द’: हे ना मराठीत आहेत, ना उर्दूत. म्हणून आपली पोरं ते विसरतात. ही त्यांची हलगर्जी नाही. ‘एक बकरा होता’ म्हणताना ‘अ’, आणि ‘तो बकरा पळाला’ म्हणताना ‘द’, इतकं सांगितलं की प्राथमिक शाळेपुरतं बरंच काम होतं.

प्रश्न विचारणं: ‘तू कुठे राहतोस?’ याचं आपलं मूल ‘यू व्हेअर लिव्ह?’ करतं. ते मराठीच्या नियमाने अगदी बरोबर बोलतंय. इंग्रजीला मध्ये एक ‘डू’ लागतो, तेवढंच शिकवायचं आहे.

आता एक गंमत. मराठीत ‘मी आंबा खाल्ला’ पण ‘मी पोळी खाल्ली’. क्रियापद खाणाऱ्याला सोडून पोळीच्या मागे जातं. उर्दूतही ‘मैंने रोटी खाई’. आमच्या घरात मात्र ‘मैं आम खाया, मैं रोटी खाया’. ‘ने’ नाही आणि पोळीच्या मागे जाणंही नाही. हीच बोली ऐकून शाळेत आम्हाला हसायचे, ‘तुमची भाषा अशुद्ध’ म्हणायचे. इंग्रजीतही ‘आय एट’. आंबा असो की पोळी, क्रियापद बदलत नाही. म्हणजे ज्या बोलीची आम्हाला लाज वाटायची, तिच्या मुलाला ही एक गोष्ट समजावणं सगळ्यात सोपं आहे. पण त्यासाठी वर्गात ती बोली बोलायची परवानगी हवी.

अक्षरांचंही तसंच. देवनागरी वरच्या रेघेला लटकते, इंग्रजी खालच्या रेघेवर बसते, उर्दू उजवीकडून चालते. देवनागरीत आणि उर्दूत लहान-मोठं अक्षर नाही, म्हणून कॅपिटल विसरणं साहजिक आहे. हे फरक एकदा फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवले की मुलांना ते कोड्यासारखे वाटतात.

मराठीच्या आधाराने इंग्रजी शिकवणं ही काही माझी कल्पना नाही. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन महाराष्ट्रातल्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या मराठीतूनच. 2020 चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही म्हणतं की शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत शिकवण्याचं माध्यम घरची किंवा मातृभाषा असावी. म्हणून घरी मुलाशी मोडकंतोडकं इंग्रजी बोलण्यापेक्षा त्याच्याशी आपल्या भाषेत भरपूर बोला. ज्याला बकऱ्याची गोष्ट दख्खनीत रंगवून सांगता येते, त्याच्याकडे इंग्रजीत लिहायला काहीतरी आहे.

‘पढ़ो’ लक्षात राहिलं, ‘लिखो’ राहून गेलं

इंग्रजी शिकावं की नाही, हा वाद आपल्या समाजात दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेला. 1874 साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम सुरू झाली, 1875 साली सर सय्यद अहमद खान यांनी अलीगढला शाळा काढली, तेव्हाचा तो झगडा होता. त्याआधी, 1854 साली, आपल्याच महाराष्ट्रात सावित्रीबाई फुल्यांनी ‘काव्यफुले’मध्ये इंग्रजी शिका असं शूद्र-अतिशूद्रांना सांगितलं होतं. आज शिवणकाम करणारी माझी बहीणही तो वाद घालत नाही. तिचा निर्णय कधीच झाला आहे. आता प्रश्न इतकाच उरतो की पैसे मोजूनही तिच्या मुलाला जे मिळत नाही, ते कुठून मिळणार.

प्रत्येक तालीमी जलशात वक्ते सांगतात की पहिल्या वहीचा पहिला शब्द ‘वाच’ असा होता. खरं आहे. पण त्याच सुरुवातीच्या आयतींमध्ये कलमचाही उल्लेख आहे, तो जलशात सहसा येत नाही. आपण मुलांच्या वाचण्यावर, पाठांतरावर भर दिला. त्यांच्या हातात कलम देऊन ‘तुझं सांग’ म्हणायचं राहून गेलं. हे फक्त इंग्रजीचं नाही, मराठी आणि उर्दूचंही आहे. इंग्रजीत ते जास्त दिसतं इतकंच.

रविवारचा एक तास

आता काम. हा अंक वाचणाऱ्यांत कॉलेजात शिकणारे, नोकरीला लागलेले, स्पर्धा परीक्षा देणारे बरेच आहेत. आपल्यापैकी अनेक जण रमज़ानमध्ये वह्या वाटतात, जूनमध्ये दप्तरं वाटतात. चांगलंच आहे. त्याच्या जोडीला एक तास द्या. मोहल्ल्यातली लायब्ररी, कुणाचा ओटा, शाळेची रिकामी खोली, काहीही चालेल. आठ-दहा मुलं, तिसरी ते पाचवीची. मुली तितक्याच असतील हे आधी बघा. नाहीतर त्या दिवशी धाकट्या भावाला सांभाळायला त्याच घरी राहतात.

पहिली 10 मिनिटं नुसतं बोलायचं, घरच्या भाषेत. या आठवड्यात काय झालं? नळाला पाणी आलं नाही, मांजरीला पिल्लं झाली, चुलत बहिणीचं लग्न झालं. इंग्रजी अजिबात नको.

मग त्यातल्या एका गोष्टीचे सात-आठ इंग्रजी शब्द फळ्यावर. मुलांना येतात ते मुलांनी सांगायचे, नाहीत ते तुम्ही.

मग प्रत्येकाने चार वाक्यं लिहायची. कोण? काय केलं? मग काय झालं? मला कसं वाटलं? बस. स्पेलिंग अडलं तर जसं ऐकू येतं तसं लिहायचं, थांबायचं नाही.

मग वाचून दाखवायचं, आणि ऐकणाऱ्या मुलांनी एक प्रश्न विचारायचा. ‘मांजर कुठल्या रंगाची?’ उत्तर मिळालं की पाचवं वाक्य तयार.

आणि शेवटी दुरुस्ती. त्या दिवशी एकाच प्रकारची चूक धरायची. आज फक्त भूतकाळ, पुढच्या रविवारी फक्त वाक्याच्या सुरुवातीचं कॅपिटल. आमच्या कामातही नव्या मुलाचं कोड तपासताना चाळीस शेरे मारले की तो काहीच शिकत नाही, फक्त घाबरतो. लाल पेनाने भरलेलं पान घरी नेऊन कुठलंही मूल दुसरं पान लिहीत नाही.

उरलेल्या वेळात एक गोष्ट वाचा. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर चित्रांच्या गोष्टी फुकट मिळतात. एकच गोष्ट मराठीत, उर्दूत आणि इंग्रजीत मिळू शकते, आणि त्या सोप्यापासून अवघडपर्यंत चार पायऱ्यांवर लावलेल्या आहेत. आज मराठीत वाचली, पुढच्या वेळी इंग्रजीत. बालभारतीची इंग्रजीची पुस्तकंही तिच्या वेबसाइटवर फुकट आहेत.

आईबापांसाठी एकच गोष्ट. शाळा कशी आहे हे टायवरून आणि फीवरून ठरवू नका. मुलाची वही उघडा आणि फळ्यावरून उतरवलेली नाहीत, पुस्तकात दिलेली नाहीत, अशी त्याची स्वतःची वाक्यं किती आहेत ते मोजा. इंग्रजी येत नसेल तरी चालेल. मुलाला विचारा, ‘यातलं तुझं कुठलं?’ ते बोटाने दाखवेल. वर्षभराच्या वहीत एकही नसेल तर पालकसभेत तेवढंच विचारा. आणि रोज रात्री त्याची चार वाक्यं त्याच्याकडून ऐका. त्याने इंग्रजीत वाचायचं, मग आपल्या भाषेत सांगायचं. ज्या आईला इंग्रजी येत नाही ती यासाठी सगळ्यात चांगली श्रोता आहे, कारण तिला खरोखरच समजावून सांगावं लागतं.

दोन शंका

चुकीचं लिहायची सवय लागेल, असं काही शिक्षक मित्र म्हणतात. न लिहायची सवय लागण्यापेक्षा ती बरी. चुकीचं वाक्य दुरुस्त करता येतं. जे लिहिलंच नाही त्यात काय दुरुस्त करणार?

दुसरी शंका माझ्याच ऑफिसातली. आता फोनच ईमेल लिहून देतो, व्याकरण सुधारून देतो, मग हे कशाला? मी ही साधनं रोज वापरतो. ती ‘ब्रेक’चं ‘ब्रोक’ करून देतात. पण बकऱ्याने दोर तोडला हे त्यांना माहीत नसतं, ते कुणीतरी सांगावं लागतं. आणि यंत्राने लिहून दिलेलं बरोबर आहे की मला म्हणायचं होतं त्याच्या उलट आहे, हे ज्याने स्वतः कधी लिहिलं नाही त्याला कळत नाही. उलट अशा काळात ज्याला स्वतःचं म्हणणं मांडता येतं आणि ज्याला येत नाही, त्यांच्यातलं अंतर वाढत जाणार आहे. आपली मुलं कुठल्या बाजूला असतील, हे आत्ता तिसरी-चौथीत ठरतंय.

आणि जाता जाता, हे फक्त इंग्लिश मीडियमवाल्यांसाठी नाही. जिल्हा परिषदेच्या मराठी आणि उर्दू शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. तिथल्या मुलांना विज्ञान आणि गणित आपल्या भाषेत कळतं, म्हणजे त्यांच्याकडे लिहायला जास्त असतं. केवळ इंग्रजीच्या भीतीने चांगली चालणारी जवळची शाळा सोडू नका.

त्या ईदला मी भाच्याशेजारी बसलो. आधी त्याला गोष्ट पुन्हा सांगायला लावली. मग एकेक वाक्य. त्याने लिहिलं: ‘अवर गोट ब्रेक द रोप. ही गो ऑन द काकाज टेरेस. एव्हरीबडी शाउट. आय लाफ.’ मी एवढंच विचारलं, हे आज झालं की परवा? परवा, म्हणाला. मग त्याने स्वतःच ‘गो’ खोडून ‘वेंट’ केलं, कारण ते त्याला पाठ होतं, फक्त कधी वापरलं नव्हतं. ‘ब्रोक’ मी सांगितलं. आपाने मशीन थांबवून चारही वाक्यं ऐकली आणि विचारलं, ‘और बकरा नीचे कैसा उतरा, वो नई लिखा?’ पाचवं वाक्य असं झालं.

ट्यूशन लावली नाही. शंभर पानांची एक वही घेतली. रविवारी तो व्हॉट्सॲपवर पानाचा फोटो पाठवतो. मागच्या रविवारचं पान असं होतं: ‘टुडे देअर इज नो वॉटर इन द टॅप. अम्मी इज अँग्री. आय ब्रिंग फोर बकेट फ्रॉम बोअरवेल. माय हँड इज रेड.’

चार बादल्या आणल्या, पण ‘बकेट’ला ‘एस’ नाही. या रविवारी ते घेऊ.